मधल्या घराची मिळकत

दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर विधिमंडळात ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ मांडली जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत दरडोई उत्पन्नाचा आकडा मथळ्यात झळकतो. २०२४-२५ च्या पाहणीत २०२३-२४ सालासाठी हा आकडा २,७८,६८१ रुपये होता. घरात चार माणसे धरली तर वर्षाला अकरा लाखांच्या वर, म्हणजे महिन्याला नव्वद हजारांहून जास्त. इचलकरंजीतला यंत्रमाग कामगार किंवा कणकवलीतला रिक्षावाला हे वाचतो, मान हलवतो आणि पान उलटतो. आकडा खोटा नाही. फक्त तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, तो प्रश्न त्याने विचारलेलाच नव्हता.

त्याचा प्रश्न साधा असतो: आमच्या तालुक्यात चारचौघांच्या घरात वर्षाकाठी येते किती, आणि दहा वर्षांपूर्वीपेक्षा ते वाढले की नुसते महागाईने फुगले? तालुक्यातली सगळी घरे मिळकतीच्या चढत्या क्रमाने ओळीत उभी केली तर बरोबर मधोमध जे घर येईल, त्याची मिळकत म्हणजे मध्यक. ओळीच्या टोकाला एखादा साखरसम्राट किंवा बांधकाम व्यावसायिक उभा राहिला तर सरासरी उडी मारते. मध्यक जागचा हलत नाही. म्हणून सामान्य घराची स्थिती सांगायला मध्यक बरा. पण त्याची एक अडचणही आहे. राज्याच्या एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागले की सरासरी हाती येते. मध्यक असा भागाकाराने निघत नाही. दोन तालुक्यांचे मध्यक माहीत असले तरी त्यांच्यावरून दोघांचा मिळून मध्यक काढता येत नाही. त्यासाठी घरोघरच जावे लागते. आपल्याकडे नेमके तेच झालेले नाही.

आधी जे उपलब्ध आहे ते पाहू. जिल्ह्यांचे दरडोई उत्पन्न अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रसिद्ध करते आणि मुंबई, ठाणे, पुणे वर, नंदुरबार, गडचिरोली, वाशीम खाली हा त्यातला क्रम आता पाठ झाल्यासारखा आहे. हे आकडे जिल्ह्याच्या हद्दीत निर्माण झालेल्या मूल्याचे असतात, तिथल्या घरांत पोचलेल्या पैशांचे नव्हे. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी आणि सिमेंट कारखाने यांचे मूल्य चंद्रपूरच्या खात्यावर जमा होते. नफा जातो कंपनीच्या भागधारकांकडे, ते राहतात भलतीकडे. रायगडातही तेच: बंदर आणि रसायन उद्योग यांनी जिल्ह्याचा आकडा फुगतो, पण सुधागड किंवा पोलादपुरातल्या वाडीला त्याचा पत्ता नसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात उलटे होते. तिथली कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालली, आज ती बँक खात्यातून येते. हा पैसा जिल्ह्याच्या उत्पादनात कुठेच दिसत नाही. शिवाय रेल्वे, बँका, विमा, सरकारी प्रशासन अशा क्षेत्रांत जिल्ह्याचे मूल्य थेट मोजलेले नसते. वरून आलेला आकडा कुठल्या तरी निर्देशकाच्या प्रमाणात जिल्ह्याजिल्ह्यांत वाटलेला असतो. अशा वाटपातून आलेल्या आकड्यावरून अमुक जिल्ह्यातली माणसे तमुक जिल्ह्यापेक्षा किती पट श्रीमंत, हे भाषणात सांगणे म्हणजे धाडसच.

गंमत अशी की, प्रादेशिक असमतोलाचे आपले सगळे राजकारण घरांच्या मिळकतीचा आकडा हाती नसतानाच चालले. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली जो अनुशेष काढला तो रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने अशा सोयींचा होता. सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा. त्या वेळी मोजण्याजोगे तेच होते. पण रस्ता झाल्यावर रस्त्याकडेच्या घराचे किती वाढले, हे विचारायला पुढच्या चाळीस वर्षांत आपण साधन तयार केले नाही.

साधन नव्हते, परंपरा मात्र होती, आणि तीही पुण्याची. दादाभाई नवरोजींनी १८६७-६८ सालासाठी हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न सुमारे वीस रुपये काढले, तो सरासरीचा हिशेब. घराच्या पातळीवर उतरले ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा त्यांनी केलेला अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गावातली जमीन, कर्ज, पीक, बाहेरची मजुरी यांचा घरटी हिशेब मांडला आणि कुठली घरे शेतीवर तगतात, कुठली शेतीला बाहेरच्या मजुरीची जोड देऊन तगतात आणि कुठली एवढे करूनही तुटीत राहतात, अशी वर्गवारी केली. तिसरा वर्ग सर्वांत मोठा निघाला. जुन्या कागदपत्रांवरून त्यांनी काळाचा पदरही जोडला: १७७१ साली सरासरी धारणा ४० एकर होती, १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. पुढे मान यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा तसाच अभ्यास केला. मग धनंजयराव गाडगीळ आणि गोखले अर्थशास्त्र संस्था यांनी वाई तालुक्यातली शेती पाहिली, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, आणि नी. वि. सोवनी व सहकाऱ्यांनी १९५६ साली पुण्याची पुनर्पाहणी प्रसिद्ध केली. रोजगार आणि कमाई यांचे चित्र कसे बदलले, हाच तिचा विषय होता. एकाच जागेकडे काही वर्षांनी परत जाऊन पुन्हा मोजायचे, ही कल्पना इथे इतकी जुनी आहे.

या घराण्यातले सर्वांत चिवट काम इक्रिसॅटचे. हैदराबादजवळच्या या संस्थेने १९७५ पासून काही कोरडवाहू गावांत प्रत्येकी चाळीस घरे निवडून त्यांचा हिशेब ठेवला. महाराष्ट्रातली त्यातली गावे म्हणजे सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझारा आणि किनखेड. अन्वेषक गावातच राहायचा आणि ठरावीक आठवड्यांनी त्याच घरी परत जायचा. मजुरी, ज्वारी, कडबा, शेळी विकली, उसने दिले, उसने घेतले, सगळे लिहायचा. या नोंदींनी एक गोष्ट पक्की दाखवली: कोरडवाहू घराची मिळकत वर्षावर्षाला इतकी वरखाली होते की, एका वर्षाच्या आकड्यावरून त्या घराला गरीब किंवा बरे म्हणणे धोक्याचे. आज गरिबांत मोजलेले घर पुढच्या वर्षी त्या रेषेच्या वर असते, आणि उलटही. कुठल्याही स्थानिक मध्यकाबद्दल बोलताना हे विसरता येत नाही. पाहणीचे वर्ष पावसाचे होते की दुष्काळाचे, हे आकड्याच्या शेजारी लिहिलेले नसेल तर तो आकडा अर्धाच.

मग सरकारने देशभर मिळकत का मोजली नाही? प्रयत्न झाले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या काही फेऱ्यांत उत्पन्नाचे प्रश्न घातले गेले. जे उत्पन्न नोंदले गेले ते खर्च आणि बचत यांच्या बेरजेपेक्षा कमी भरले. लोक मिळवतात त्याहून जास्त खर्च करतात आणि वर शिल्लकही टाकतात, असा तो निष्कर्ष होता; साहजिकच कोणी तो मनावर घेतला नाही. तेव्हापासून आपल्या पाहण्यांनी उत्पन्नाचा नाद सोडून खर्चाची वाट धरली. गरिबीच्या सगळ्या चर्चा, दांडेकर-रथ यांच्या १९७१ च्या प्रसिद्ध प्रबंधापासून पुढे, खर्चावरच झाल्या. २०२३-२४ च्या उपभोग खर्च पाहणीत देशातला दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ आणि शहरी भागात ६,९९६ रुपये आला, हा त्याच वाटेवरचा ताजा टप्पा.

उत्पन्न विचारणे अवघड का, हे बीडच्या ऊसतोड कामगाराच्या उंबऱ्यावर गेले की कळते. दिवाळीच्या आसपास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागांतून जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, तिच्यातून घरचे लग्न, दवाखाना, दुकानदाराची बाकी भागलेली असते. मग पाच-सहा महिने सातारा, सांगली, कोल्हापूर, कधी कर्नाटकात तोडणी. टनावर मजुरी लागते, पण ती हातात येत नाही, उचलीत वळती होते. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा कोणाची उचल फिटते, कोणाच्या अंगावर बाकी राहते आणि ती पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली जाते. उसाचे वाढे विकून रोजचा मिठा-मिरचीचा खर्च निघतो तो वेगळा. आता या घराला विचारा: गेल्या वर्षभराचे उत्पन्न किती? उचल धरायची तर ते कर्ज आहे. मजुरी धरायची तर ती त्यांनी पाहिलेलीच नाही. वाढ्याचे पैसे कोणी मोजले नाहीत. बैल स्वतःचा असेल तर त्याचा चारा खर्चात घालायचा का? आणि अन्वेषक जानेवारीत गावात आला तर आत म्हातारी आणि शाळेतली दोन मुले, किंवा तीही नाहीत, दाराला कुलूप. नियमाप्रमाणे तो शेजारचे दुसरे घर घेतो. ते घर गावात राहिलेल्यांचे, म्हणजे बहुधा थोडे बरे. वर्षातले जवळपास सहा महिने घर एका जिल्ह्यात आणि सहा महिने दुसऱ्यात. ते नक्की कुठल्या तालुक्याच्या ओळीत उभे करायचे, याचे उत्तर मुकादमाकडेही नाही.

शेतकऱ्याचे दुखणे वेगळ्या जातीचे. त्याला पट्टी आठवते, खर्च आठवत नाही. किंवा खर्च आठवतो आणि पट्टी सांगायची नसते. कृषी कुटुंबांच्या स्थितिमापन पाहणीने ही जमाखर्चाची वाट एकेका ओळीने चालून दाखवली, म्हणून ती महत्त्वाची. २०१८-१९ मध्ये देशातल्या कृषी कुटुंबाची मासिक मिळकत सरासरी १०,२१८ रुपये आली. त्यात मजुरी-पगाराचा वाटा ४,०६३ आणि पिकांचा ३,७९८. शेतकरी म्हणून मोजलेल्या घरात मजुरी पिकाच्या पुढे गेली, ही बातमी होती. पण तीही सरासरीच, आणि राज्याच्या खाली जाऊन बोलायची तिची तयारी नव्हती. नाबार्डच्या पाहणीत ग्रामीण कुटुंबाची मासिक मिळकत २०१६-१७ मध्ये ८,०५९ आणि २०२१-२२ मध्ये १२,६९८ रुपये आली. तिथेही जिल्ह्याचे नाव नाही. मध्यकाच्या सर्वांत जवळ पोचली ती भारत मानव विकास पाहणी. एनसीएईआर ही संशोधन संस्था आणि मेरीलँड विद्यापीठ यांनी २००४-०५ मध्ये ४१,५५४ घरांत जाऊन मिळकतीच्या पन्नासांहून अधिक वाटा एकेक करून विचारल्या. त्यातून देशातल्या मधल्या घराची वार्षिक मिळकत २७,८५७ रुपये निघाली. २०११-१२ मध्ये बहुतेक त्याच घरांत पुन्हा जाऊन मोजले गेले. खासगी क्षेत्रात सीएमआयई ही संस्था २०१४ पासून लाखाहून जास्त घरांना वर्षातून तीनदा गाठते आणि मिळकत विचारते. तिच्या नमुन्यात अतिगरीब घरे कमी पडतात, असा आक्षेप ज्याँ द्रेझ आणि अनमोल सोमांची यांनी २०२१ मध्ये घेतला होता, आणि तो मला वजनदार वाटतो. ओळीचे खालचे टोकच गळाले तर मधले घर आपोआप वर सरकते.

समजा, विचारण्याची कला साधली. मग येते संख्येचे गणित, आणि तालुक्याच्या आकड्याचे स्वप्न बहुतेक इथेच अडते. आपल्याकडच्या मिळकतीत जेवढी विषमता ढोबळमानाने धरता येईल तेवढी धरली, तर अगदी निर्दोष पद्धतीने निवडलेल्या १०० घरांवरून काढलेला मध्यक अधिक-उणे २० टक्क्यांच्या आतबाहेर डुलतो. म्हणजे दीड लाख असा आकडा आला तर खरा आकडा एक लाख वीस हजार ते एक लाख ऐंशी हजार यांच्यात कुठेही असू शकतो. घरे २० असतील तर ही डोल ४०-५० टक्क्यांवर जाते. १० टक्क्यांवर आणायची तर ४०० घरे हवीत. राज्यात ३५८ तालुके. प्रत्येकी ४०० धरली तर १,४३,२०० घरे. प्रत्यक्षात अन्वेषक एका गावात जाऊन तिथलीच दहा-पंधरा घरे करतो, आणि एका गावातली घरे एकमेकांसारखी असतात, त्यामुळे हा आकडा दुप्पट तरी धरावा लागतो: २,८६,४००. आता हे पाहा की २०२२-२३ च्या उपभोग खर्च पाहणीत साऱ्या भारतातली घरे होती २,६१,७४६. एका राज्याच्या तालुक्यांसाठी देशाहून मोठी पाहणी कोणी करणार नाही, आणि करूही नये.

जगात यावर तीन प्रकारचे उपाय निघाले. पहिला: पाहणी सोडा, कागद वाचा. फ्रान्सची इन्से ही सांख्यिकी संस्था करविवरणे आणि सामाजिक लाभांच्या नोंदी एकत्र करून कम्यूनपर्यंत मध्यक प्रसिद्ध करते. उत्तर युरोपातल्या देशांत तर नोंदवह्यांवरच सगळे चालते. आपल्याकडे शेती-उत्पन्न करमुक्त, बहुसंख्य घरे विवरण भरतच नाहीत, त्यामुळे ही वाट बंद.

दुसरा उपाय अमेरिकेचा: मोठी पाहणी आणि अनेक वर्षांची मोळी. तिथे १९४० च्या जनगणनेपासून उत्पन्नाचे प्रश्न आहेत. आता अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो, तरीही छोट्या वस्तीसाठी एका वर्षाची उत्तरे पुरत नाहीत म्हणून पाच वर्षांची एकत्र करतात. पहिली अशी मोळी २००५ ते २००९ ची, २०१० च्या डिसेंबरात बाहेर आली. आकड्याशेजारी त्रुटीची मर्यादा छापलेलीच असते. पण पाच वर्षांच्या आकड्याला साल कोणते म्हणायचे? २००५-०९ आणि २००६-१० यांत चार वर्षे सामाईक. त्यांची तुलना करून वाढ सांगणे व्यर्थ, आणि तिथली जनगणना संस्था स्वतःच तसे बजावते. मंदी अशा आकड्यांत येते ती हळूहळू, पाच वर्षांत विरघळून.

तिसरा उपाय उसनवारीचा. १९७० च्या दशकात अमेरिकी केंद्र सरकारला महसूल वाटपासाठी हजाराहून कमी वस्तीच्या गावांचेही दरडोई उत्पन्न हवे होते आणि नमुना तुटपुंजा होता. रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट यांनी १९७९ मध्ये सुचवलेली युक्ती अशी: गावाचा स्वतःचा डगमगता आकडा एका हातात घ्यायचा; करविवरणे, घरांच्या किमती अशा गोष्टींवरून मॉडेलने वर्तवलेला आकडा दुसऱ्या हातात; आणि ज्याचा भरवसा जास्त त्याला जास्त वजन देऊन दोन्ही मिसळायचे. समजा एखाद्या तालुक्यातून वीस घरांवरून १ लाख ८० हजार आले आणि मॉडेल म्हणते १ लाख ३० हजार. वीस घरांना पाव वजन दिले तर उत्तर १ लाख ४२ हजार ५००. अमेरिकेतल्या काउंट्यांचा मध्यक कुटुंब-उत्पन्नाचा वार्षिक अंदाज आजही याच कुळातल्या पद्धतीने निघतो. तत्त्व शहाणपणाचे आहे. त्याची किंमत अशी की, जो तालुका खरोखर वेगळा आहे तोच मॉडेलकडे ओढला जातो. द्राक्ष-निर्यातीने वर आलेला तालुका बाकीच्यांसारखा दिसू लागतो, आणि कर्जाने खचलेलाही तसाच.

याच कुळातली दुसरी पद्धत जागतिक बँकेच्या वर्तुळातली, एल्बर्स आणि दोघे लान्याउव यांची, २००३ ची. पाहणीत घराचा खर्च आणि घराची वैशिष्ट्ये दोन्ही कळतात, जनगणनेत फक्त वैशिष्ट्ये. पाहणीतून शिकलेले नाते जनगणनेतल्या प्रत्येक घराला लावायचे आणि गरिबीचा नकाशा काढायचा. सॅम एशर आणि पॉल नोव्होसाद यांच्या श्रग या माहितीसंचात भारतातल्या गावांच्या उपभोगाचे अंदाज अशाच रीतीने, २०११ ची सामाजिक-आर्थिक जातगणना वापरून केले आहेत. त्या जातगणनेने उत्पन्न विचारले ते असे: घरातल्या सर्वांत जास्त कमावणाऱ्याला महिन्याला पाच हजारांपेक्षा कमी मिळतात, पाच ते दहा, की दहाच्या वर? ग्रामीण भारतातली सुमारे तीन-चतुर्थांश घरे पहिल्या खान्यात पडली. तीन-चतुर्थांश ओळ एकाच खान्यात, तीही घराची नसून एका माणसाची. त्यात मधले घर शोधणार कसे? आणि सर्वांत मोठी अडचण तारखेची. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाची. आज कुठलेही मॉडेल उभे करा, त्याचे पाय २०११ मध्येच राहतात.

म्हणून मंडळी आकाशाकडे वळली. उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या उजेडावरून उत्पन्न ओळखण्याची रीत २०१२ नंतर फारच बोकाळली. देशांची तुलना करायला ती उपयोगी असेल; तालुक्याला लावली की फसते. चंद्रपुरात सर्वांत उजळ दिसतात खाणी आणि कारखाने. तासगावच्या द्राक्षबागा रात्री काळ्याच असतात. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तासन्‌तास भारनियमन होते. त्या काळोखाचा अर्थ मिळकत घटली असा घेणाऱ्याने महावितरणचे वेळापत्रक पाहिलेले नाही. २०१७ नंतर सौभाग्य योजनेने घरोघर जोडण्या दिल्या, उजेड वाढला. खिशात काय वाढले, ते दिव्याला माहीत नाही. शिवाय १९९२ ते २०१३ च्या मालिकेचा उपग्रह वेगळा आणि २०१२ नंतरचा वेगळा, दोन्ही सांधायचे म्हणजे आणखी एक अंदाज. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला मालमत्तेचा निर्देशांक यापेक्षा बरा, कारण तो पंखा, दुचाकी, पक्के छत असे घरातले पाहतो आणि जिल्ह्यापर्यंत उतरतो. पण प्रत्येक फेरीत त्याची पट्टी नव्याने आखली जाते. जिल्हा क्रमाने वर गेला की खाली, एवढेच सांगता येते, किती रुपयांनी ते नाही.

काळाचा प्रश्न मला या सगळ्यांत सर्वांत नाजूक वाटतो, कारण तिथे आकडा बरोबर असूनही अर्थ चुकतो. जागा तीच राहत नाही: पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात होता, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत, गोंदिया भंडाऱ्यात. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. अशा वर्षी शहराचा मध्यक घसरला असता तर कोणी गरीब झाले नसते, फक्त रेघ हलली असती. घर तेच राहत नाही: पाहणीत घर म्हणजे एका चुलीवर जेवणारे, आणि भाऊ वेगळे झाले की एका घराची दोन होतात. कोणाचीही कमाई न घटता घरटी मिळकत घटते. रुपया तोच राहत नाही, आणि तो सारखा करायला जिल्ह्याचा भावनिर्देशांकच नाही. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक मुंबई, नागपूर, पुणे, नाशिक, सोलापूर अशा मोजक्या केंद्रांचा. सोलापूर शहराचा भाव मंगळवेढ्याला लावायचा, कारण दुसरा नाही.

आणि माणसे तीच राहत नाहीत. मान यांचे पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. हिंजवडीला जाणाऱ्या संगणक अभियंत्यांच्या सोसायट्या तिथे उभ्या आहेत. आज कोणी तिथल्या मधल्या घराची मिळकत काढली आणि १९१७ च्या अभ्यासाशेजारी ठेवली, तर वाढ डोळे दिपवणारी दिसेल. ती त्या जागेची वाढ. मान यांच्या वहीतल्या तुटीतल्या घरांचे वंशज जमीन विकून बंगला बांधून राहिले, की मिळालेले पैसे दोन लग्नांत संपवून कुठे तरी सुरक्षारक्षक झाले, हे मध्यक सांगत नाही. ते सांगायला त्याच घरांमागे जाणारी पाहणी लागते, इक्रिसॅटसारखी. जागेचा मध्यक वाढला म्हणून तिथल्या लोकांचे भले झाले, हे वाक्य धोरणकर्त्यांच्या तोंडून सर्रास ऐकू येते. त्यातला ‘तिथल्या’ हा शब्द तपासला पाहिजे.

एक माहितीचा डोंगर मात्र प्रत्येक तहसील कचेरीत आहे: उत्पन्नाचे दाखले. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराची सही, दरवर्षी नवा. संशोधकाच्या तोंडाला पाणी सुटावे असा साठा; पण त्यातला आकडा ज्याला जे मिळवायचे आहे त्याच्या मर्यादेला चिकटून असतो. केशरी शिधापत्रिकेची मर्यादा एक लाख, शहरी अन्नसुरक्षेची ५९ हजार, नॉन-क्रीमी लेअरची आठ लाख, लाडकी बहीण योजनेची अडीच लाख. या योजनेत तर पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर दाखल्याचीही गरज ठेवली नव्हती. म्हणजे उत्पन्न ठरवायला रंग, आणि रंग ठरवायला कधी काळी लिहून दिलेले उत्पन्न. दाखल्यांवरून तालुक्याचा मध्यक काढला तर तो शासन निर्णयांचा मध्यक निघेल.

आता केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२६ मध्ये देशातली पहिली राष्ट्रीय कुटुंब उत्पन्न पाहणी घेण्याचे जाहीर केले. त्यासाठी सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रश्नावलीची पूर्वचाचणी झाली, तेव्हा बहुतेकांना हे प्रश्न नाजूक वाटले, हे मंत्रालयाने स्वतःच नमूद केले. ते अपेक्षितच होते. या पाहणीतून राज्याचा मध्यक मिळाला तरी मोठी गोष्ट होईल. जिल्ह्याची आशा मात्र राज्याने स्वतः हात घातला तरच. नमुना पाहण्यांत केंद्राच्या नमुन्याला जोडून राज्याचा नमुना घेण्याची महाराष्ट्राची जुनी प्रथा आहे, आणि २०२५ च्या जानेवारीपासून श्रमबल पाहणीतही जिल्हा हा मूळ घटक धरला जाऊ लागला आहे. तालुक्यासाठी अशक्य ठरलेले गणित जिल्ह्यासाठी करून पाहिले तर ते आवाक्यात येते: ३६ जिल्हे, प्रत्येकी ८०० घरे, एकूण २८,८००. त्यात अधिक-उणे दहा टक्क्यांचा जिल्हा-मध्यक बसतो. बीडसारख्या जिल्ह्यात अन्वेषक मे-जूनमध्ये पाठवावे लागतील, कोयते परत आल्यावर. दर काही वर्षांनी त्यातल्या निम्म्या घरांत पुन्हा जावे लागेल. तालुक्यांचे अंदाज मग मॉडेलवर सोपवायला हरकत नाही, कारण त्याला टेकायला छत्तीस मोजलेले आकडे असतील.